अनोळखी तबकड्या ऐकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमच्या डिचोलीच्या घरच्या वसरीवर, म्हणजे ओसरीवर, दहा-बारा माणसं जमतात आणि आम्ही जुन्या, फारशा कोणी न ऐकलेल्या रेकॉर्डी लावतो. साठ-सत्तरच्या दशकातलं विस्मरणात गेलेलं पॉप, आणि ज्याला सायकेडेलिक फोक म्हणतात ते. नवीन माणूस आला की तेच प्रश्न पुन्हा येतात आणि उत्तरं देता देता दिवेलागण होते. शेवटी नवरा म्हणाला, एकदाचं लिहून काढ, म्हणजे सुई वेळेवर खाली टेकेल. म्हणून हे.

सायकेडेलिक फोक म्हणजे नेमकं काय?

नावाला घाबरू नका. 'सायकेडेलिक' हा शब्द १९५०च्या दशकात हम्फ्री ऑस्मंड या मानसोपचारतज्ज्ञाने ग्रीक शब्दांवरून घडवला. अर्थ साधारण 'मनातलं उघडं करणारं'. दहाएक वर्षांत तो औषधांवरून घरंगळत गाण्यांवर आला. फोक म्हणजे लोकगीत: एक गिटार, एक गळा, गावच्या ओळखीची चाल. या दोघांचं लग्न १९६७ ते १९७२च्या सुमारास इंग्लंड, स्कॉटलंड आणि अमेरिकेत लागलं. गाणं सुरू होतं अंगणात, दळताना म्हटलेल्या ओवीसारखं साधं, आणि दोन मिनिटांत कुंपण ओलांडून कुठेतरी निघून जातं. मध्येच सतार येते, टेप उलटी फिरते, एकाच बाईचा आवाज तिच्याच आवाजावर चढतो, कडवं संपायला हवं तिथे संपत नाही.

स्कॉटलंडच्या इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँडची १९६८ची 'द हँगमन्स ब्यूटिफुल डॉटर' ही रेकॉर्ड घ्या. तिच्यात एक गाणं तेरा मिनिटांचं आहे. त्यात प्रार्थना आहे, चेष्टा आहे, पुन्हा प्रार्थना आहे, आणि वाद्यं तर दर वळणाला बदलतात. आमच्याकडे पहिल्यांदा लावली तेव्हा साखळीहून येणारे एक भजनी काका म्हणाले, "गवळण म्हणता म्हणता अभंगात शिरलो तसं झालं हे." याहून बरी व्याख्या मला अजून मिळालेली नाही.

आणि खरं सांगायचं तर आपल्या कानाला हे परकं नाहीच. वास्कोला दामोदराच्या सप्ताहात चोवीस तास भजन चालतं. पहाटे तीन वाजता तिथे डोळे मिटून बसलेल्या माणसाला वीस मिनिटांची एक बाजू लांब वाटायचं कारण काय? सतत मागे वाजणारा एक सूर, ज्याच्या आधाराने बाकीचं तरंगत राहतं, तो या पोरांनी मोठ्या कष्टाने शोधून काढला. आपल्याकडे तो कोपऱ्यात गवसणी घालून उभा असतो.

हे ऐकायला नशा करावी लागते का?

नाही. हा प्रश्न बहुधा गोव्याबाहेरचे पाहुणे विचारतात आणि विचारताना आवाज खाली आणतात. आमच्याकडे चहा मिळतो. मे महिन्यात कोकम सरबत.

ज्या रेकॉर्डी तेव्हा कोणी घेतल्या नाहीत त्या आता का ऐकायच्या? वाईट असतील म्हणूनच पडून राहिल्या ना?

काही वाईटच असतात. मी लावते, आपण हसतो, काढून ठेवतो. पण पडून राहण्याची कारणं फार वेगवेगळी असतात आणि त्यातल्या बऱ्याच कारणांचा गाण्याशी संबंध नसतो.

वॅश्टी बन्यन ही इंग्लंडची मुलगी लंडनहून घोडागाडीने स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांकडे निघाली. वाटेत, घोडा चालेल त्या वेगाने, तिने गाणी रचली. १९७०च्या अखेरीस 'जस्ट अनदर डायमंड डे' निघाली आणि कोणी विकत घेतली नाही. तिने गाणं सोडलं, मुलं वाढवली. २००० साली ती रेकॉर्ड पुन्हा निघाली, लोक वेडे झाले, आणि २००५मध्ये तिची दुसरी रेकॉर्ड आली. मध्ये पस्तीस वर्षं! कॅलिफोर्नियाची लिंडा पेरहॅक्स दातांच्या दवाखान्यात काम करायची. १९७०मध्ये तिची 'पॅरललोग्राम्स' आली. पुढची आली २०१४मध्ये. जर्मनीच्या सिबिले बायरने तर १९७० ते १९७३च्या दरम्यान घरीच टेपवर गाणी भरून ठेवली होती, आणि ती जगासमोर आली २००६मध्ये, मुलाने पुढाकार घेतल्यावर. तिचा आवाज ऐकताना वाटतं, शेजारच्या खोलीत कोणीतरी गुणगुणतंय आणि आपण दाराशी उभं राहणं बरं नव्हे.

ब्राझीलची 'पाएबिरू' घ्या. लुला कोर्तेस आणि झे रामाल्यो यांची, १९७५ची, दोन तबकड्यांची. चार बाजू म्हणजे पृथ्वी, वायू, अग्नी आणि जल. रेसिफे शहरात पूर आला आणि कंपनीच्या गोदामात ठेवलेल्या बहुतेक प्रती पाण्यात गेल्या. म्हणजे चौथ्या बाजूने बाकीच्या तिन्ही गिळल्या. पावसाळ्यात ही गोष्ट सांगितली की आमच्याकडे एक शांतता पसरते, कारण वसरीवर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरी कधी ना कधी पाणी शिरलेलं असतं.

पण माझं मुख्य म्हणणं निराळंच आहे. 'अनोळखी' हा शब्द आला की मी विचारते, कुणाला अनोळखी? परदेशातले संग्राहक ज्या कोंकणी ईपी, म्हणजे छोट्या तबकड्या, दुर्मीळ म्हणून जपून कापसात ठेवतात, त्यांतल्या गायिका लॉर्नाच्या गाण्यांवर आमच्या शेजारच्या लग्नात अख्खा मांडव नाचलेला आहे. आणि उलटही. फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या शास्त्रीय गायिका केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत बसून अवकाशात गेली. ती कुठल्या तरी परग्रहवासीयाने ऐकावी म्हणून अमेरिकेने पाठवली आणि इथे डिचोलीच्या कॉलेजातली मुलं मला विचारतात, "केसरबाई कोण?" आता यातली दुर्मीळ रेकॉर्ड कुठली म्हणायची?

गोव्याचा याच्याशी संबंध काय? हिप्पींनी इथे रेकॉर्डींचे ढीग सोडले असतील ना?

हा समज मोठा गोड आहे. मीही वीस वर्षांची असताना त्याच आशेने हणजूणच्या बुधवारच्या बाजारात घाम गाळला आहे. पण जरा विचार करा. खांद्यावर पिशवी घेऊन, बसगाड्या बदलत, इराण-अफगाणिस्तानातून खाली उतरलेला माणूस बारा इंची तबकड्या कशाला वाहून आणेल? त्यांच्याकडे कॅसेटी होत्या. पुढे किनाऱ्यावरच्या रात्रभराच्या नाचांतही तबकड्यांपेक्षा टेपच जास्त चालल्या, कारण इथल्या उन्हात आणि दमटपणात तबकडी वाकते. तेव्हा हणजूणला गणपतीच्या पितळी मूर्ती मिळतील, ढोलकी मिळेल, लिंडा पेरहॅक्स मिळणार नाही.

गोव्यात रेकॉर्डी आल्या त्या दुसऱ्याच वाटांनी. तारवटी माणसांच्या पेटाऱ्यांतून, म्हणजे जहाजांवर काम करणाऱ्यांच्या. पूर्व आफ्रिकेहून, लिस्बनहून, पुढे आखाताहून परतलेल्यांच्या सामानातून. आणि सगळ्यात जास्त मुंबईहून. मुंबईच्या हॉटेलांतले बँड आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद गोवेकरांनीच भरलेले होते. हळदोण्याचे चिक चॉकलेट, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशनचा वाद्यमेळ लिहून देणारे सेबास्टियन डिसोझा. दिवसा स्टुडिओत, रात्री क्लबात, आणि मधल्या वेळात स्वतःचं काहीतरी.

हे 'स्वतःचं काहीतरी' फार मोलाचं आहे. मडगावचे क्रिस पेरी ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवायचे. त्यांनी जॅझचा ठेका, लॅटिन अमेरिकेची लचक आणि कोंकणी शब्द एका ताटात वाढले आणि गायला लॉर्ना कोर्देरो. 'बेबदो' म्हणजे दारुडा. ते गाणं ऐकताना पहिला ठोका पडला की आमच्याकडचे सत्तर वर्षांचे लोकही खुर्चीत सरळ होतात. नंतर लॉर्ना कितीतरी वर्षं गायलीच नाही, आणि परत आली तेव्हा लोकांनी तिला जणू काल संध्याकाळीच ऐकलं होतं असं डोक्यावर घेतलं. अल्फ्रेड रोझ यांच्याही छोट्या तबकड्या शोधा. आवाज मऊ, शब्द मात्र टोचणारे.

नेवऱ्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांची १९७०ची 'रागा रॉक' मी फार शोधली आणि अजून शोधते आहे; कॉपी करून दिलेली ऐकली आहे, तबकडी हातात आलेली नाही. गोवेकर घरातले, मुंबईत जन्मलेले गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा लंडनला गेले आणि १९६९मध्ये जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्याबरोबर 'हम दोनों' केली. त्याच वर्षी त्यांची स्वतःची 'इंटिग्रेशन'. यांना कोणी जॅझ म्हणेल, कोणी आणखी काही. मी म्हणेन, गिटार तंबोऱ्याकडे वळून बघते आहे. आणि पुढे, १९८४मध्ये, शिवोलीच्या आपल्या घरात चार ट्रॅकच्या यंत्रावर जवळजवळ सगळी वाद्यं स्वतः वाजवून रेमो फर्नांडिस यांनी 'गोअन क्रेझी' ही कॅसेट काढली आणि स्कूटरवरून स्वतःच दुकानांत पोहोचवली. खोलीत बसून एकट्याने सगळं करणं याचं आज फार कौतुक होतं. ते इथे शेजारच्या तालुक्यात होऊन गेलेलं आहे.

मी अगदी नवीन आहे. सुरुवात कुठून करू?

मराठी कान असेल तर शंकर-जयकिशनच्या १९६८च्या 'रागा जॅझ स्टाइल'पासून. अकरा राग, रईस खाँची सतार, मागे ड्रम आणि सॅक्सोफोन. तोडी ओळखता आली की भीती जाते. मग आनंद शंकरची १९७०ची पहिली रेकॉर्ड, सतार आणि मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर काढणारं वाद्य. उदयशंकरांचा हा मुलगा काका रविशंकरांच्या वाटेने न जाता रॉकच्या गल्लीत शिरला. काही ठिकाणी ती रेकॉर्ड थोडी बाजारू होते, तरी चालेल. मग वॅश्टी बन्यन. मग एक पावसाळी संध्याकाळ मोकळी ठेवून हेरॉन या इंग्रजी मंडळींची १९७०ची रेकॉर्ड. ती त्यांनी शेतात उघड्यावर बसून भरली, त्यामुळे गाण्यांत पक्षी बोलतात. आमच्याकडे लावली तेव्हा मागच्या कुळागरातून बेडूक सुरू झाले आणि मध्येच पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजत गेला. एकाने विचारलं, हा भोंपू रेकॉर्डमधला का? मी हो म्हणाले.

कॉमसची १९७१ची 'फर्स्ट अटरन्स' मात्र पहिल्या महिन्यात ऐकू नका. चांगली आहे, पण रात्री एकट्याने बाथरूमला जायचं धैर्य होत नाही.

भाषा कळत नसेल तर काय ऐकायचं?

तुर्की, पोर्तुगीज, कंबोडियाची ख्मेर अशा कितीतरी भाषांतल्या रेकॉर्डी आम्ही लावतो. तुर्कस्तानच्या सेल्दा बाजानची १९७६ची रेकॉर्ड लावली तेव्हा एक शब्द कोणाला कळला नव्हता, पण बाई कोणावर तरी चिडली आहे आणि तिचं बरोबर आहे एवढं सगळ्यांना समजलं. शब्द कळले नाहीत की कान इतर गोष्टींकडे जातो. श्वास कुठे घेतला, कुठे घोटला.

पोर्तुगीजची गोष्ट वेगळी, कारण गोव्यात ती सांगणारं कोणीतरी निघतंच. झे अफोन्सो हे पोर्तुगालचे गायक. त्यांची १९७१ची 'कांतिगास दो मायो' ही तबकडी पॅरिसजवळच्या एका वाड्यात ध्वनिमुद्रित झाली. तिच्यात 'ग्रांदोला, विला मोरेना' हे गाणं आहे. वाद्य नाही. आधी फक्त खडीवर पडणारी पावलं ऐकू येतात, खर्र, खर्र, एका लयीत. मग एकटा आवाज. मग बाकीचे पुरुष तेच म्हणतात. आमच्या आळीतल्या एक आंटी १९६१पूर्वी पणजीला पोर्तुगीजमधून शिकलेल्या. त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. त्यांनी चष्मा काढून ऐकलं आणि अर्थ सांगितला: हे दक्षिणेकडच्या एका गावाबद्दल आहे, तिथे माणसं भावासारखी राहतात आणि तिथे हुकूम चालतो तो लोकांचा. "एवढंच?" एकाने विचारलं. एवढंच. पण २५ एप्रिल १९७४च्या मध्यरात्रीनंतर लिस्बनच्या रेडिओवरून हे गाणं वाजलं, आणि ती सैनिकांना ठरवून दिलेली खूण होती. संध्याकाळपर्यंत हुकूमशाही पडली. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला नव्या पोर्तुगालने भारताबरोबर करार करून गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. गोवा मुक्त होऊन तेव्हा तेरा वर्षं झाली होती.

आंटींनी ते दुसऱ्यांदा लावायला सांगितलं. पोर्तुगीज काळात त्यांच्या घरातल्या एकाला तुरुंगात जावं लागलं होतं, असं त्या नंतर चहा पिताना सहज बोलून गेल्या. पुढे काही सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

कुठलं यंत्र घ्यावं? घरात बाबांचा जुना प्लेयर आहे, तो चालेल का?

एचएमव्ही फिएस्टा असेल तर आठवण म्हणून ठेवा, त्यावर बाबांच्या जुन्या मराठी तबकड्या लावा, पण महागडी तबकडी लावू नका. त्याचा पिकअप, म्हणजे सुई धरणारा भाग, जड असतो, वर कित्येक घरांत सुई उडू नये म्हणून त्यावर चार आण्याचं नाणं ठेवायची पद्धत होती. ती सुई खाच नांगरत जाते. आजच्या साध्या टर्नटेबलवर सुईचा भार साधारण दीड ते दोन ग्रॅम असतो. सूटकेसच्या आकाराचे रंगीत स्वस्त प्लेयर दिसायला छान असतात. बस, दिसायला.

एक सावधगिरीची गोष्ट. अमेरिकेहून नातेवाईक जुनं यंत्र आणून देतात. आमच्याही एकाने आणलं. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावला, सगळं नीट, आणि वॅश्टी बन्यन गायला लागली तर तिचा थोरला भाऊ गातोय असं वाटावं. कारण नंतर कळलं. त्या काळच्या पुष्कळ यंत्रांची मोटर विजेच्या आवर्तनांवर चालते. तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट बदलतात, हर्ट्झ नाही. त्यामुळे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांऐवजी तबकडी २८च्या आतच फिरते आणि पट्टी तीन अर्धस्वरांनी खाली येते. पेटीवाल्यांना सांगते: काळी चारचं गाणं पांढरी चारच्याही खाली उतरतं. यंत्र घेताना मागची पट्टी वाचा.

पावसाळ्यात तबकड्या कशा सांभाळायच्या?

घाटावरचे लोक याला प्रश्न समजतच नाहीत. गोव्यात हाच खरा प्रश्न. जून ते सप्टेंबर बुरशी लागते, आणि ती मुख्यतः तबकडीला नाही, कव्हराच्या कागदाला आणि खळीला लागते. तिथून मग खाचांत उतरते. चिऱ्याच्या भिंतीला टेकवून कपाट ठेवू नका, भिंत ओल सोडते. वीतभर अंतर ठेवा. तबकड्या उभ्या ठेवा, आडव्या रचल्या तर खालच्या वाकतात. आतलं कागदी पाकीट काढून प्लॅस्टिकचं घाला. वाळवीसाठी लोखंडी कपाटाला पर्याय नाही.

कपाटात छोटा दिवा लावून ठेवायची आपली जुनी रीत चांगली आहे, पण दिवा वरच्या कप्प्यात, तबकड्यांपासून लांब. आणि एलईडी लावून उपयोग नाही, त्याला ऊबच नसते. मी दोन पावसाळे एलईडी लावून शहाणपणा मिरवला आणि चतुर्थीला माटोळी बांधायच्या गडबडीत कपाट उघडलं तर आत पांढरी मखमल. डांबरगोळ्या ठेवू नका, कव्हराला कायमचा वास येतो.

उन्हात बंद गाडीत तबकडी ठेवली तर काय होतं ते विचारू नका. पापड होतो.

साफ कशाने करायच्या?

आधी मऊ ब्रश. फार मळलेली असेल तर डिस्टिल्ड पाणी, त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ कापड, खाचेच्या दिशेने गोल. लेबलवर पाणी जाऊ देऊ नका. पण हे फक्त व्हिनाइलसाठी, म्हणजे प्लॅस्टिकच्या तबकड्यांसाठी. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आजोबांच्या एका नाट्यगीताच्या तबकडीवर मी मोठ्या प्रेमाने स्पिरिट फिरवलं आणि कापूस काळा झाला. मला वाटलं, केवढा मळ निघतोय! तो मळ नव्हता. ती तबकडी अजून भिंतीवर टांगलेली आहे, येणाऱ्या प्रत्येकाला दाखवते. ७८च्या तबकडीला सुईही वेगळी, जाड लागते. एलपीच्या, म्हणजे नेहमीच्या मोठ्या तबकडीच्या, सुईने ती वाजवू नका.

गोव्यात अशा रेकॉर्डी मिळतात कुठे? भाव काय द्यावा?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चुकूनमाकून. भंगारवाल्यांकडे जास्त. त्यांना 'काळ्या थाळ्या' विचारा, लगेच कळतं. पण बहुतेक चांगल्या रेकॉर्डी जुन्या घरांतून निघतात, म्हातारी माणसं गेल्यावर, पोरं कॅनडाला किंवा पोर्तुगालला निघताना. इथे माझं एक मत आहे आणि ते काहींना आवडत नाही. दुःखाच्या घरी पंधरा दिवसांच्या आत जाऊन रेकॉर्डींची चौकशी करू नये. आणि भाव माहीत असेल तर तो लपवू नये. मला एका घरी शंभर रुपयांत पूर्ण पेटी देत होते. वर लॉर्नाच्या तीन ईपी होत्या. मी सांगितलं, या बाजूला काढा, याला किंमत आहे. त्यांनी त्या ठेवून घेतल्या. मला अजून चुटपुट लागते, पण तसं केलं नसतं तर जास्त लागली असती.

घेताना तबकडी उजेडात तिरपी धरा. केसासारख्या रेघा चालतात. खाच राखाडी दिसत असेल तर ती जड सुईने खाल्लेली आहे, कितीही पुसा. मधल्या भोकाभोवती ओरखडे असतील तर ती पुष्कळदा वाजलेली आहे, म्हणजे कुणाची तरी आवडती होती. मला अशा बऱ्या वाटतात. लेबलच्या कडेला बारीक अक्षरात डमडम दिसलं तर ती कलकत्त्याच्या कारखान्यातली. भारतीय छपाईला नावं ठेवायची फॅशन आहे. काही खरंच खरखरतात, काही परदेशीपेक्षा गोड वाजतात. ऐकल्याशिवाय कळत नाही.

मूळ प्रतच हवी का? मोबाइलवर ऐकलं तर चालेल?

चालेल. मी अर्ध्या रेकॉर्डी पहिल्यांदा मोबाइलवरच ऐकल्या. नव्याने छापलेलीही चालेल, फक्त कलाकाराची किंवा वारसांची परवानगी घेऊन काढली आहे का ते बघा. या क्षेत्रात चोरून छापणारे पुष्कळ, आणि ज्या बाईला १९७०मध्ये पैसे मिळाले नाहीत तिला आताही मिळू नयेत हे बरं नाही.

एकच फरक आहे. मोबाइलवर कंटाळा आला की बोट पुढे सरकतं. तबकडीला उठून जावं लागतं, आणि वसरीवर पाय पसरून बसल्यावर कोण उठतं? त्या आळसापायी मी कितीतरी चांगली गाणी ऐकली आहेत. बहुतेक दुसऱ्या बाजूची तिसरी.

कॉपी करून व्हॉट्सॲपवर पाठवाल का?

नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. म्हणजे आम्ही ऐकतो त्यातलं बहुतेक सगळं अजून कोणाचं तरी आहे. या आणि ऐका.

कंटाळा आला तर उठून जावं का?

बाजू संपेपर्यंत बसा. आमचा एवढा एकच नियम आहे: एका बाजूत मध्ये बोलायचं नाही, बाजू उलटताना वाटेल ते बोला. शिव्या घातल्या तरी चालतात. डिचोलीच्या एका निवृत्त मास्तरांनी पाच महिने प्रत्येक रेकॉर्डला "हे काय संगीत आहे?" एवढाच शेरा दिला आणि सहाव्या महिन्यात सिबिले बायर संपल्यावर काहीच बोलले नाहीत. जाताना चप्पल घालता घालता विचारलं, "ती आता जिवंत आहे का?" तेव्हापासून ते दर वेळी सगळ्यांच्या आधी येतात. शेरा अजून देतात.

किती वाजेपर्यंत चालतं? मुलांना आणलं तर?

साडेसहा ते नऊ. दहानंतर कायद्याने आवाज बंद, आणि शेजारी कायद्याच्या आधी येतात. मुलं आणा. त्यांना तबकडी फिरताना बघायला आवडतं. सुईला हात लावायला मात्र दहावी पास व्हावं लागेल.

येताना काय आणायचं?

घरात पडलेली एक रेकॉर्ड, कुठलीही. कव्हर नसलं तरी चालेल. मागच्या पावसाळ्यात पेडण्याहून आलेल्या एका मुलीने लेबल पूर्ण फाटलेली ईपी आणली. माळ्यावर सापडली म्हणाली. एक बाई गाते, मागे मॅन्डोलिन आणि बहुधा अकॉर्डियन, भाषा कोंकणीसारखी आहे पण दोन ठिकाणी मराठी वाटते. क्रिस पेरी नव्हे, एवढं आंटींनी ठामपणे सांगितलं. बाकी कोणालाच काही ओळखता आलेलं नाही. दर बैठकीला नवीन कोणी आलं की आम्ही ती एकदा लावतो. तुम्ही आलात की तुम्हालाही ऐकवू, बघा ओळखता येते का. आणि छत्री आणा, रस्त्यापासून वसरीपर्यंत छप्पर नाही.